जिंजीच्या टूरमध्ये भेटलेले तमिळ जैन

मी टूर मॅनेजर आहे. तमिळनाडूतल्या जिंजी किल्ल्याच्या आमच्या टूरला येणारी मंडळी राजाराम महाराजांसाठीच येतात, जवळपास आठ वर्षं महाराज तिथे होते, मुघल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा वगैरे सगळं मी किल्ल्यातल्या राजगिरी डोंगरावर उभं राहून सांगतो. यावेळी ग्रुपमध्ये शिरोळकडचे एक काका-काकू होते, जैन, घरची उसाची शेती. काकू म्हणाल्या, "इथं जवळच चोवीस तीर्थंकरांचा डोंगर हाय म्हणं, तेवढा दावा की."

मग किल्ला उतरल्यावर गाडी तिरुनाथरकुंद्रूला वळवली. टेकडी छोटीच आहे पण वर एका प्रचंड शिळेवर चोवीस तीर्थंकर, बारा-बाराच्या दोन ओळींत कोरलेले. तिथेच एक फार जुना शिलालेख आहे, चंद्रनंदी आचार्यांनी ५७ दिवस उपवास करून देह ठेवला त्याचा. मी हे सांगितलं आणि काकू तिथेच खाली बसल्या, त्यांच्या सासूबाईंनीही सल्लेखना घेतली होती म्हणे.

तिथून मेलसित्तामूर, तमिळ जैनांचा मठ. इथल्या भट्टारकांना, म्हणजे मठाधिपतींना, लक्ष्मीसेन म्हणतात आणि कोल्हापूरच्या मठाच्या स्वामींनाही तेच! काका एवढे हरखले की येईल त्याला हात जोडून "कोल्हापूर, कोल्हापूर" सांगत होते.

मला कळकळीने सांगायचंय ते हे की तमिळनाडूतले जैन म्हटलं की आपल्याला चेन्नईतले मारवाडी व्यापारी आठवतात, पण हे नैनार, म्हणजे तमिळ जैन, मूळचे तमिळच, दिगंबर, आणि बरेचसे शेतकरी, अगदी आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या जैनांसारखे. मदुराईजवळच्या मांगुळमच्या गुहांमध्ये जैन मुनींसाठी दगडी शय्या कोरून दिल्यात, तिथले तमिळ-ब्राह्मी लिपीतले लेख दोन हजार वर्षांपेक्षा जुने आहेत. 'जीवक चिंतामणी' हे महाकाव्य लिहिणारे तिरुत्तक्कदेवर जैन, 'नन्नूल' हे व्याकरण लिहिणारे पवनंदी मुनीही जैन. म्हणजे तमिळ भाषा घडवण्यात यांचा मोठा वाटा आहे आणि आज त्यांच्याच राज्यात लोक त्यांना बाहेरचे समजतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एका नैनार आजोबांनी घरी जेवायला नेलं, सूर्य मावळायच्या आत, कारण तिथेही रात्री जेवत नाहीत. आमचा ड्रायव्हर तमिळ-हिंदी करत होता आणि काका विचारत होते, भुईमुगाला एकरी उतारा किती पडतो आणि उसाला कारखाना दर काय देतो.