मिरज सोडून मलावीत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. व्याख्यानानंतर कुणीतरी विचारतं, लग्नाच्या पंगतीत एखादी मावशी विचारते, परवा बँकेत शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं: "आपल्याकडची गरज संपली का, म्हणून तुम्ही आफ्रिकेत गेलात?" विचारणाऱ्याच्या मनात राग नसतो. मेळघाट, गडचिरोली आणि आमचा जत तालुका ही नावं त्यामागोमाग येतात, आणि ती यायलाच हवीत.

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. रुग्णालयातली यंत्रं चालू ठेवणं हे माझं काम. बिनपगारी रजा टाकून मी स्वयंसेवक म्हणून मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयात गेले, ती मुख्यतः ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी. कोविडनंतर हे यंत्र आपल्या घराघरांत माहीत झालंय. हवेत 21 टक्के ऑक्सिजन आणि 78 टक्के नायट्रोजन असतो. यंत्रातला कॉम्प्रेसर खोलीतलीच हवा दाबून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या खड्यांतून पाठवतो. नायट्रोजन तिथं अडकतो आणि पुढं साधारण 93 टक्के ऑक्सिजन निघतो. सिलिंडर भरून आणायला नको, ट्रकची वाट बघायला नको. न्यूमोनियानं धापा टाकणाऱ्या तान्ह्या बाळाला मिनिटाला अर्धा ते एक लिटर पुरतो. त्यामुळं पाच लिटरच्या एका यंत्राला नीट वाटप करणारा फ्लोमीटरचा, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या नळ्यांचा, स्टँड जोडला, तर चार-पाच लेकरं एकाच वेळी त्यावर ठेवता येतात. तेच यंत्र बंद पडलं की चार-पाच खाटांवर काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

त्या रुग्णालयाच्या मागच्या खोलीत अशी यंत्रं भिंतीला लावून ठेवलेली होती. बरीचशी दानात आलेली. काही 110 व्होल्टची, आणि मलावीत वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर न लावता जोडली की जळणारच. काहींचा प्लग वेगळा, कारण तिकडं तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. कशाबरोबर माहितीपुस्तक नाही, कशाचा सुटा भाग नाही. हे एका रुग्णालयापुरतं नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरीब देशांतल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या होत्या, तेव्हा जवळजवळ 40 टक्के उपकरणं बंद निघाली. दान देणाऱ्यांनी मनापासून दिलेलं असतं यात शंका नाही. पण यंत्र पाठवणारे पुष्कळ असतात. त्यामागून सुटे भाग आणि शिकवणारं माणूस पाठवणारे फार थोडे, आणि याचा मला खरोखर त्रास होतो.

आम्ही ती यंत्रं एकेक करून उघडली. आम्ही म्हणजे मी आणि तिथला तंत्रज्ञ. वयानं माझ्याहून लहान, सोल्डरिंगला हात माझ्याहून चांगला. बहुतेक यंत्रांत फार मोठं काही बिघडलेलं नव्हतं. धुळीनं गच्च भरलेला स्पंजचा फिल्टर, आत सुटलेली नळी, जळालेला स्विच, गंजलेला फॅन. झिओलाइटमध्ये ओल गेलेली असली तर मात्र इलाज थोडा. हवा बाहेर येते, पण त्यात ऑक्सिजन कमी असतो, आणि ते कानाला किंवा डोळ्याला कळत नाही. त्यासाठी ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लागतो. अशी यंत्रं आम्ही सुट्या भागांसाठी बाजूला काढली. एका यंत्राचा फॅन दुसऱ्याला, दुसऱ्याचा स्विच तिसऱ्याला, असं करत वॉर्डात पुन्हा यंत्रं जायला लागली.

खरं काम त्यापुढचं होतं. बाहेरचा फिल्टर आठवड्याला साबणाच्या पाण्यानं धुवायचा, पूर्ण वाळल्यावरच बसवायचा, यंत्र भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचं, आणि अ‍ॅनालायझरचा आकडा वहीत लिहायचा. लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरनी या सूचना स्वतः चिचेवा भाषेत लिहून प्रत्येक यंत्रावर चिकटवल्या. वही कुणी ठेवायची यावर बरीच चर्चा झाली. शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरकडं ती द्यायचं ठरलं, कारण रात्री वॉर्ड त्यातल्या त्यात शांत असतो. मी ठरवलं असतं तर तंत्रज्ञाकडं दिली असती. त्यांचं बरोबर होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडं येते. मीच का? कारण त्या यंत्रांची जी दुखणी होती, ती मी सांगली जिल्ह्यात बघत मोठी झालेय. भारनियमन म्हणजे काय, व्होल्टेज उतरलं की कॉम्प्रेसर कसा कण्हतो, स्टॅबिलायझर कुठल्या दर्जाचा घ्यावा, कंपनीचा माणूस यायला पंधरा दिवस लागणार असतील तर मधल्या काळात काय करायचं, हे सगळं आमच्या भागातल्या कुठल्याही तंत्रज्ञाला येतं. 2021 च्या दुसऱ्या लाटेत परदेशांतून विमानं भरून कॉन्सन्ट्रेटर आले, तेव्हा आपल्याकडच्या पोरांनी ते रातोरात उघडून समजून घेतले. मी मलावीत पोचले, त्या वर्षी जानेवारीत, म्हणजे 2022 मध्ये, अ‍ॅना वादळात शिरे नदीवरचं कपिचिरा जलविद्युत केंद्र निकामी झालं होतं. देशाच्या विजेतला मोठा वाटा एका फटक्यात गेला, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता. तिथं श्रीमंत देशातले इंजिनिअरही आले होते. त्यांचं शास्त्र माझ्याहून पक्कं, हे मी अनेकदा अनुभवलं. पण विजेचा भरवसा नाही आणि सुटा भाग मिळणार नाही, हे गृहीत धरून काम सुरू करणं त्यांना नवं होतं. आपल्याकडच्या टंचाईतून आलेलं हे शहाणपण जगात इतरत्रही उपयोगी पडतं, आणि ते द्यायला आपण जायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

आणि गरजेचं म्हणाल, तर 1938 साली आपल्याकडं गरज कमी होती का? देश पारतंत्र्यात होता. तरीही जपानशी झुंजणाऱ्या चीनसाठी काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, आणि नागपूरचे चोळकरही. कोटणीस तिथंच राहिले आणि 1942 च्या डिसेंबरात, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथंच गेले. आमच्या मिरजेला डॉक्टरांचं गाव म्हणतात. त्याची सुरुवातही बाहेरून आलेल्या माणसापासून होते. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथं रुग्णालय उभं केलं. ते मिशनरी होते, धर्मप्रसाराचा हेतू होता, तो लपवायचं कारण नाही. पण त्यांनी इथल्या माणसांना शिकवलं, आणि त्या शिकण्यावर पुढच्या पिढ्या उभ्या राहिल्या. त्यांच्या देशातली गरज तेव्हा संपलेली होती असं मला वाटत नाही.

जतच्या बाजूच्या ग्रामीण रुग्णालयांतही मी जाते. तिथं गेले की मलावीतली वहीची पद्धत उपयोगी पडते. एकीकडं गेल्यानं दुसरीकडचं काही हिरावलं जातं, असा माझा अनुभव नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. दोन आठवड्यांसाठी यायचं, फोटो काढायचे, यजमानांचा वेळ घ्यायचा आणि निघायचं, हे थांबायला हवं. ब्लँटायरमध्ये बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं शिक्षण मिळतं. तिथल्या मुलामुलींच्या हक्काची नोकरी आपण फुकट काम करून अडवत असू, तर जाऊच नये.

पैशाचंही विचारता. पगार नसतो. राहण्याखाण्यापुरता भत्ता, विमा आणि प्रवासखर्च मिळतो. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम 1970 पासून आहे, त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉन इथं आहे. त्यात इंजिनिअर, परिचारिका, हिशेबनीस, नगररचनाकार असे अनेक जण घेतात. परदेशी जायचं तर बहुतेक जागांना शिक्षणाबरोबर कामाचा अनुभव लागतो, तेव्हा पदवी हातात पडल्या पडल्या अर्ज करू नका. अर्ज करताना तिथल्या रुग्णालयानं स्वतः माणूस मागितलाय का, तुमच्याबरोबर काम करणारा स्थानिक माणूस नेमलाय का, हे लेखी विचारून घ्या. मल्टिमीटर आणि ऑक्सिजन अ‍ॅनालायझर स्वतःचा न्या, आणि शक्य असेल तर येताना अ‍ॅनालायझर तिथंच ठेवून या.