कॅल्गरीच्या थंडीत घरचा जलतरण तलाव : माझा अनुभव

माझी मुलगी कॅनडातील कॅल्गरी येथे राहते. कंबरदुखीसाठी तिने बारा महिने पोहावे असे तिच्या डॉक्टरांनी सुचवले, तेव्हा घरीच सोय होऊ शकेल का, हे पाहण्याचे काम तिने माझ्याकडे सोपवले. फोंड्यात माझी सारी हयात बांधकामात गेली. गोव्यात तलाव बांधताना पावसाळ्यात वर येणाऱ्या भूजलाची काळजी करावी लागते. तिकडे हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरतो, जमीन मीटरभर खोल गोठते आणि गोठताना पाणी सुमारे 9 टक्क्यांनी फुगत असल्यामुळे नळ्या फुटतात.

म्हणूनच जमिनीत बांधलेला उघडा तलाव तिकडे उन्हाळ्यापुरताच वापरतात. शरद ऋतूत पाण्याची पातळी उतरवून, नळ्यांतले पाणी कॉम्प्रेसरने फुंकून काढून तो झाकून ठेवावा लागतो. पाणी तापवणारा हीट पंप हवेतूनच उष्णता खेचतो, त्यामुळे ऐन थंडीत त्याचा जोर ओसरतो.

बंदिस्त तलावाचा पर्याय जावयांना पसंत होता. मात्र त्या खोलीतली हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश अधिक उबदार आणि आर्द्रता 50 ते 60 टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. त्यासाठी मोठा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारे यंत्र) आणि भिंतींत अखंड बाष्परोधक थर हवा, नाहीतर वाफ लाकडी सांगाड्यात शिरून तिथेच गोठते. राहत्या घराला असा तलाव जोडणे मला धोक्याचे वाटले.

अखेरीस आम्ही स्विम स्पा निवडला. ही चार-पाच मीटर लांबीची, चहूबाजूंनी इन्सुलेशन असलेली टाकी असते आणि पंपाने सोडलेल्या प्रवाहाविरुद्ध जागच्या जागी पोहता येते. भरल्यावर तिचे वजन आठ टनांच्या आसपास जाते, म्हणून खडी नीट दाबून वर सळईचा काँक्रीट स्लॅब घालणे आणि स्वतंत्र वीजजोडणी घेणे, ही दोन्ही कामे जमीन गोठण्यापूर्वीच उरकून घेतली.

कंपन्या हीटरच्या क्षमतेचे गुणगान करतात; माझ्या मते खरा पैसा कव्हरवर खर्च करावा. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले की सुमारे 580 लिटर पाणी एका अंशाने थंड होईल एवढी उष्णता ते सोबत नेते. कव्हर कसे आहे, हे पहिल्या हिमवर्षावातच कळते. त्यावर बर्फ सगळीकडे सारखा टिकून राहिला, तर इन्सुलेशन उत्तम. घडीच्या जोडावर ओली काळी रेघ उमटली, तर तिथून ऊब निसटते आहे. आमच्याकडे अशी रेघ दिसताच जोडाची पट्टी बदलून घेतली.

वीज गेली तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. कव्हर अजिबात उघडायचे नाही. टाकीतल्या पाण्याची ऊब बराच वेळ टिकते, पण पंप आणि बारीक नळ्यांतले पाणी त्याच्या कितीतरी आधी गोठते. म्हणून वीज लवकर येण्याची चिन्हे नसतील, तर पंपाचा आणि नळ्यांचा निचरा कंपनीच्या पुस्तिकेनुसार करायचा. ती पुस्तिका मुलीने पॅनेलशेजारीच अडकवून ठेवली आहे.