अर्ज नेमका कुठे अडतो?

आमच्या क्लबच्या आजच्या सदस्यत्व बैठकीनंतर हे लिहावंसं वाटलं. अमेरिकेतल्या रोटरी, लायन्ससारख्या सेवा क्लबांत वर्णभेद टिकायला लेखी बंदी लागतेच असं नाही. 'ओळखीतूनच निमंत्रण' एवढी रीत पुरते, कारण वस्त्या वेगळ्या म्हणून ओळखीही वेगळ्या.

लेखी नियमही आपोआप बदलत नाहीत. रोटरीत पूर्वी फक्त पुरुषांनाच सदस्यत्व होतं. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे रोटरी क्लबने १९७७ मध्ये तीन महिलांना घेतलं, तर १९७८ मध्ये रोटरी इंटरनॅशनलने क्लबची सनदच (मान्यता) रद्द केली! महिलांना दार उघडलं ते १९८७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर.

म्हणून ठराव नंतर, आधी नोंदवही. तीन वर्षांतली सुचवलेली नावं काढा: कुणी सुचवलं, कोणत्या पायरीवर गळालं. हरकत लेखी आणि कारणासह घ्या. 'आपल्यात रुळणार नाहीत' हे कारण बाद. कामाच्या दिवशी दुपारी जेवणासह होणारी सभा तासावर मजुरी करणाऱ्याला परवडत नाही, तेव्हा महिन्यातून दोन सभा संध्याकाळी, जेवण ऐच्छिक, वर्गणी मासिक हप्त्यांत.

सगळ्यात जास्त फसतं ते पुढे. एकच कृष्णवर्णीय सदस्य घेतात, त्याला 'विविधता समिती'वर बसवतात आणि फोटोत पुढे उभं करतात. वर्षभरात तो सोडून जातो. तिघे-चौघे एकदम घ्या, आणि निधी वाटपाच्या समितीत घ्या. खरी सत्ता तिथेच असते (अध्यक्षांना हे कबूल नसतं).