आमची वाटचाल : पिवळ्या पडलेल्या काचांचं काम

माझ्या बाबांनी ३१ वर्षं मुंबईत काळी-पिवळी चालवली. प्रीमियर पद्मिनी. भांडुपच्या आमच्या चाळीसमोर पहाटे पाचला गाडी धुवायची हा त्यांचा नेम. सगळ्यात शेवटी ओल्या वर्तमानपत्राचा बोळा करून ते पुढचे दोन्ही गोल दिवे पुसायचे आणि गाडीला हात जोडून निघायचे. त्या दिव्यांच्या काचा खरोखरच्या काचा होत्या. बल्ब उडायचा, आतली चांदी काळवंडायची, दगड लागून तडा जायचा. पण काच पिवळी पडलेली मी कधी पाहिली नाही.

आजही गिऱ्हाईक फोनवर "काचा पिवळ्या पडल्यात" असंच म्हणतं, आम्हीही तसंच म्हणतो. पण आता ती काच राहिलेली नाही. ते पॉलीकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आहे आणि आमचा सगळा धंदा या एवढ्याशा फरकावर उभा आहे. गाड्यांचे धुरकट पुढचे दिवे घासून पुन्हा स्वच्छ करायचं हे काम मे २०१७ ला सुरू केलं, त्याला ८ वर्षं झाली, म्हणून लिहायला बसलो.

त्याआधी ९ वर्षं मी कुर्ल्याला एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात होतो. पुट्टी, पेपर, प्रायमर, बफिंग, सगळं तिथेच शिकलो. हेडलाइट धुरकट झाला की तिथे एकच उत्तर असायचं, नवा टाका. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

२०१६ च्या गणपतीला मावसभावाच्या गाडीतून आम्ही खेडला निघालो. दहा वर्षांची जुनी हॅचबॅक, रात्रीची वेळ, मुसळधार पाऊस. कशेडी घाटात डिपरवर रस्त्याची पांढरी पट्टी दिसेना आणि अप्परवर टाकलं की समोर नुसती पावसाची भिंत. मागच्या सीटवर मावशी आणि दोन लहान पोरं. शेवटी एका एसटीच्या मागे लागलो आणि तिचे लाल दिवे बघत घाट उतरलो. भरणे नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा मी मोबाइलच्या उजेडात त्या काचा नीट पाहिल्या. दुधात हळद कालवल्यासारखा रंग. बल्ब महिन्यापूर्वीच बदललेले, बॅटरी नवी. उजेड होता, पण तो आतच कोंडला होता.

मुंबईला परतल्यावर एका रविवारी मी गॅरेजातले १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर (ओले करून घासायचे पॉलिश पेपर, नंबर मोठा तितका पेपर बारीक) घेऊन त्या काचा घासल्या, वर रबिंग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी पेस्ट, मारलं. तासाभरात काच लखलखीत. मावसभाऊ म्हणाला, "अरे, हे घरोघरी जाऊन केलंस तर लोक पैसे देतील." बायकोने भिशीचे १२ हजार हातावर ठेवले. त्यात बफिंगचं मशीन, दोन फोम पॅड आणि मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवरून पेपरची पाकिटं आली. जोडीचे ४०० रुपये. बोहनी मुलुंडच्या एका काकांच्या सेडानवर झाली. काका इतके खूश झाले की त्यांनी सोसायटीतल्या आणखी तीन गाड्या मिळवून दिल्या.

दिवाळी आली आणि फोन सुरू झाले. "दादा, काचा परत तशाच झाल्यात." आधी एक, मग आठवड्याला दोन-तीन. मला वाटलं, घासण्यात कमी पडलो. मी पुन्हा जाऊन जास्त घासून आलो. दोन महिन्यांत त्या आणखी पिवळ्या. मुलुंडच्या काकांकडे गेलो तेव्हा तर काच पहिल्यापेक्षा वाईट दिसत होती, वर बारीक जाळी आलेली. काका ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही जुनं काढलंत ते बरोबर. पण त्याच्या जागी लावलंत काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला खुर्चीवर बसवून जे समजावलं, त्यावर आमचं आजचं काम चालतं.

पॉलीकार्बोनेट १९५३ साली जर्मनीत आणि अमेरिकेत, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत जवळजवळ एकाच वेळी तयार झालं. दगड बसला तरी सहसा फुटत नाही, बल्बची धग सोसतं, काचेहून हलकं आणि हवा तसा आकार घेतं. म्हणून गाड्यांनी ते उचललं. पण त्याच्यात दोन उणिवा आहेत. एक, त्याला पटकन चरे पडतात. दुसरी, उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटतात आणि ते पिवळं पडत जातं. यावर उपाय म्हणून कारखान्यातच त्याच्यावर एक कडक, पारदर्शक थर चढवतात. जाडी काही मायक्रॉनची, म्हणजे केसाहूनही कमी. दिव्याचं सगळं आयुष्य त्या थरावर असतं. ऊन, धूळ, आणि रोज सकाळी गाडी पुसणाऱ्याचं ते धुळीने भरलेलं कोरडं फडकं, याने थर झिजतो, सुटतो, आणि खालचं प्लास्टिक उघडं पडतं. मी काय करत होतो? उरलासुरला थरही घासून काढत होतो आणि उघडं प्लास्टिक चकाकी देऊन उन्हात उभं करत होतो.

लोक टूथपेस्ट चोळून दिवे उजळवतात, तो उपायही याच जातीचा. पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे वरचा मळकट पापुद्रा निघतो आणि काच उजळते. संरक्षण शून्य. काही आठवडे किंवा काही महिने, की पुन्हा तेच. मागचे लाल दिवे मात्र असे पिवळे पडत नाहीत, कारण ते बहुतेक अॅक्रिलिकचे असतात आणि अॅक्रिलिक ऊन चांगलं सोसतं. हे काकांनी सांगितल्यावर मी खाली जाऊन पार्किंगमधल्या वीसेक गाड्यांचे मागचे-पुढचे दिवे बघत फिरलो. त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं.

बायकोने वही काढली. तोवर ३८ गाड्या झाल्या होत्या. आम्ही सगळ्यांना फोन केले : पैसे हवे असतील तर परत, नाहीतर कोटिंगसकट काम पुन्हा, फुकट. ११ जणांनी पैसे घेतले. ५ जणांचे फोन लागले नाहीत. उरलेल्या २२ गाड्या आम्ही पुढच्या चार महिन्यांत पुन्हा केल्या. ते वर्ष तोट्यात गेलं. पण आज आमच्याकडे जे काम येतं, त्यातलं बरंचसं त्या २२ घरांच्या ओळखीतून आलेलं आहे.

आता काम कसं होतं ते सांगतो, कारण ज्याला हाताने करायची आवड आहे त्याने ते घरीही करावं.

आधी दिवा शाम्पूच्या पाण्याने धुवायचा. मग बॉनेट, बंपर, फेंडर, जिथे जिथे दिव्याची कड भिडते तिथे मास्किंग टेपचे दोन फेरे. एकावर भागत नाही. पेपरचा कोपरा एकदा रंगावर घसरला की काचेच्या कामात रंगाचं काम निघतं. थर जागोजागी सुटला असेल तर ८०० पासून सुरुवात, नुसता धुरकटपणा असेल तर १००० पासून. पेपर पाण्यात भिजवून ठेवायचा आणि काच सतत ओली ठेवायची. पहिल्या काही हातांना जे पाणी खाली ओघळतं ते पिवळसर असतं, ताकात हळद पडल्यासारखं. तो जुना थर निघतोय. घासत राहिलं की ओघळ पांढरा होतो. पांढरा झाला की खालचं चांगलं प्लास्टिक लागलं. माझा भाचा कामाला आला तेव्हा त्याला मी पहिला आठवडा एवढंच शिकवलं : काचेकडे नको, ओघळाकडे बघ.

त्यानंतर १५००, २०००, ३०००. प्रत्येक पेपरला दिशा बदलायची, आधीचा आडवा तर पुढचा उभा, म्हणजे मागच्या पेपरचे चरे निघाले की नाही ते कळतं. या टप्प्याला काच अगदी पांढरी, आंधळी दिसते आणि गाडीचा मालक हमखास घाबरतो. एका आजींनी तर मशीनची वायरच काढून ठेवली होती. फोम पॅडवर कंपाउंड घेऊन मशीन कमी वेगावर फिरवलं की ती पुन्हा स्वच्छ होते. मशीन एका जागी धरायचं नाही, प्लास्टिक तापून खराब होतं.

सगळ्यात महत्त्वाचं काम यानंतरचं, आणि ते दिसत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसून कंपाउंडचा तेलकटपणा काढायचा. थिनर किंवा अॅसिटोन कधीच नाही, त्याने पॉलीकार्बोनेटला आतून बारीक तडे जातात आणि ते पुन्हा बरे होत नाहीत. डास पळवायला अंगावर मारतात तो स्प्रे फासून काच चमकवण्याची युक्ती फिरत असते, तीही नको. त्यातलं रसायन प्लास्टिक विरघळवतं, म्हणून तर घडीभर चमकतं. काच कोरडी झाली की अतिनील किरण अडवणारं कोटिंग.

या कोटिंगने आम्हाला मुंबईत फार शिकवलं. सुरुवातीला आम्ही हार्डनर (कडक करणारं रसायन) घातलेलं दोन भागांचं क्लिअर, म्हणजे पारदर्शक रंग, स्प्रे करायचो. ते टिकाऊ असतं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासावाटे आत जाणं धोक्याचं. योग्य मास्क आणि मोकळी हवा पाहिजेच. सोसायटीच्या बंद पोडियममध्ये, शेजारी मुलं सायकल खेळताहेत अशा जागी ते मारायला माझं मन तयार होईना. आम्ही ते बंद केलं. मग उन्हात सुकणारं, फडक्याने लावायचं कोटिंग घेतलं, तर जून उजाडला. ऊन नाही, हवेत ओल, कोटिंगवर पांढुरकी साय धरायची. पावसाळ्याचे चार महिने काम ठप्प, आणि नेमकी गरज तेव्हाच. गावी जाणारे चाकरमानी गणपतीच्या आधीच फोन करतात, त्यांना रात्रीचा घाट उतरायचा असतो. शेवटी २०१९ ला कर्ज काढून यूव्ही लॅम्प घेतला. कोटिंग लावायचं, लॅम्प धरायचा, काही मिनिटांत ते कडक होतं. ऊन असो की नसो. आमचा धंदा खऱ्या अर्थाने त्या दिवशी उभा राहिला असं मी मानतो.

लॉकडाऊनचे महिने बसून काढले, त्याबद्दल वेगळं काय लिहायचं. पुन्हा सुरू झालं तेव्हा मात्र एक गोष्ट ठळक दिसली. महिनोन्महिने एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाड्यांचा एक दिवा जास्त पिवळा, एक कमी. विचारलं की कळायचं, पिवळा दिवा पश्चिमेच्या उन्हाच्या बाजूला होता. तेव्हापासून आम्ही काम झाल्यावर सांगतो, पार्किंग उघड्यावर असेल तर अधूनमधून गाडी उलटी लावा.

काही गाड्यांना आम्ही नाही म्हणतो. आत बाष्प धरलेलं असेल तर बाहेरून घासून काही होत नाही. आधी सील किंवा हवेची नळी बघावी लागते. प्लास्टिकच्या आत खोल तडे असतील, किंवा आतली चांदी जळली असेल, तर दिवा बदलणं हाच मार्ग. जोडीचे आम्ही १,५०० रुपये घेतो. लहान गाडीच्या दिव्यांची नवी जोडी काही हजारांत येते, काही मोठ्या एलईडी गाड्यांचा एकच दिवा ५० हजारांच्या वर जातो. त्यामुळे गिऱ्हाइकाला नाही म्हणताना जीव जड होतो, पण खोटी आशा लावून पैसे घेणं एकदा करून झालंय.

"हे नुसतं दिसण्यापुरतं ना?" असं अजून बरेच जण विचारतात. अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संघटनेने २०१८ साली चाचण्या घेतल्या होत्या. धुरकट झालेल्या दिव्यांतून नव्याच्या मानाने जेमतेम २० टक्के उजेड बाहेर येत होता. काचा पूर्ववत केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे नव्यासारखा झाला नाही, आणि आम्हीही तसा दावा करत नाही. पण २० आणि ७० मधलं अंतर मी कशेडीत पाहिलेलं आहे. पासिंगच्या आधी येणारे टॅक्सीवाले हा प्रश्न विचारत नाहीत. ते रात्रभर रस्त्यावर असतात.

आज आम्ही चौघं आहोत. मी, भाचा, कुर्ल्याच्या गॅरेजातला माझा जुना सोबती, आणि फोन, हिशेब, तारखा सांभाळणारी बायको. वहीची पद्धत अजून तीच : गाडी, तारीख, कोणतं कोटिंग, आणि वर्षभराने केलेल्या फोनचं उत्तर. कोटिंगवर आम्ही २ वर्षांची लेखी हमी देतो, त्याहून जास्त देत नाही.

ती २ वर्षं कुठून आली तेही सांगतो. आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, लोखंडी अँगलवर भंगारातून आणलेले ९ हेडलाइट ओळीने बसवलेत, तोंड पश्चिमेला. प्रत्येकावर वेगळं कोटिंग किंवा वेगळ्या कंपनीची बाटली, मागे पट्टीवर तारीख. पहिला २०२१ च्या मार्चचा. त्याच्या अर्ध्या भागावर एक हात आणि अर्ध्या भागावर दोन हात मारलेत. परवा रविवारी सकाळी भाचा आणि मी वर गेलो, धूळ धुतली आणि मागे वर्तमानपत्र धरून पाहिलं. एक हातवाल्या बाजूला मथळासुद्धा पुसट. दोन हातवाल्या बाजूतून बारीक अक्षर अजून वाचता येतंय, कडेने मात्र पिवळसर झाक धरू लागली आहे. भाच्याने वहीत तारीख घातली आणि दहाव्या दिव्यासाठी अँगलला भोक पाडायला घेतलं.