ट्रॉलीचा इंडिकेटर लावला की ब्रेक लाईट का लुकलुकतो

गाळप हंगाम सुरू झाला की टेंभुर्णी, मोहोळ, पंढरपूर, माळशिरस या पट्ट्यात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. त्यातल्या कितीतरी मागून पूर्ण काळोखात असतात. हायवेवर ८०-९०च्या वेगात येणाऱ्या गाडीवाल्याला ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक दाबायला जागाच उरलेली नसते. बहुतेक वेळा लाईट बसवलेले असतात, बल्बही चांगले असतात, बिघाड असतो तो वायरिंगमध्ये. आणि वायरिंगमधल्या दहा तक्रारींपैकी बऱ्याचशा एकाच ठिकाणी येऊन थांबतात: अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची जोडणी.

ही लक्षणे ओळखीची वाटतील. डावा इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा टेल लाईट आणि ब्रेक लाईट मंद लुकलुकतात. टेल लाईट चालू असताना ब्रेक दाबला की उजेड वाढायच्या ऐवजी सगळेच विझतात. खड्ड्यात ट्रॉली आदळली की लाईट लागतात, पुढच्या खड्ड्यात जातात. या तिन्हींचे कारण एकच. बल्बमधून गेलेल्या करंटला बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायला सरळ वाट नसते. मग तो शेजारच्या फिलामेंटमधून (बल्बमधल्या पेटणाऱ्या तारेतून) उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरने ट्रॅक्टरपर्यंत येतो आणि ट्रॅक्टरच्या ब्रेक बल्बमधून अर्थ गाठतो. दोन-तीन फिलामेंट एकामागोमाग आल्यामुळे सगळे मंद पेटतात. ब्रेक दाबल्यावर त्याही वायरीत १२ व्होल्ट येतात, परतीची ती चोरवाटही बंद होते, म्हणून अंधार.

खड्ड्याचे कोडेही इथेच सुटते. अनेक ट्रॉल्यांना अर्थची वेगळी वायरच नसते. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या हुक आणि पिनमधून लोखंडाला लोखंड लागून अर्थ मिळतो, त्यावरच सगळे चालते. पिनेला ग्रीस असते, गंज असतो, काळी माती असते. ट्रॉली ओढली की पिन एका बाजूला टेकते आणि अर्थ मिळतो, ढकलली की सुटतो. पिनेवर भरवसा ठेवूच नका. ट्रॉलीचा प्लग ट्रॅक्टरच्या ज्या सॉकेटमध्ये बसतो, त्यातून २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र अर्थ वायर न्या आणि ती ट्रॉलीच्या प्रत्येक दिव्यापर्यंत पोचवा. चासीला जोडायचे तिथे रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत करा, रिंग लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची कडी) आणि स्टार वॉशर (दातेरी वॉशर) घालून बोल्ट आवळा, आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा. रंगावरच बोल्ट आवळला तर जोड असून नसल्यासारखा.

बिघाड शोधताना आधी ठरवा, तो ट्रॅक्टरमध्ये आहे की ट्रॉलीत. प्लग काढा आणि ट्रॅक्टरच्या सॉकेटवर २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी लावून केलेल्या टेस्ट लॅम्पने तपासा. ७ पिनच्या सॉकेटची नेहमीची मांडणी अशी: १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. २ नंबर मागच्या फॉग लॅम्पसाठी असतो आणि आपल्याकडे बहुधा मोकळाच राहतो. रंग ठरलेले आहेत (१ पिवळा, ३ पांढरा, ४ हिरवा, ५ तपकिरी, ६ लाल, ७ काळा), पण मिळेल ती वायर टाकून केलेल्या दुरुस्तीत ते पाळलेले नसतात. रंगाकडे पाहून जोडू नका, आकडा वाचा. टेस्ट लॅम्पचे एक टोक ३ नंबरला आणि दुसरे एकेका पिनेला लावा. बल्ब झगझगीत लागला तर ट्रॅक्टर ठीक, बिघाड पुढे ट्रॉलीत. मंद लागला तर तेच टोक ३ नंबरवरून काढून बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता नीट लागला तर दोष ट्रॅक्टरच्या अर्थमध्ये.

टेस्ट लॅम्पच का, मीटर का नाही? मीटर अगदी नगण्य करंट ओढतो. वायरीचा एकच तार शिल्लक असला तरी तो १२ व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तिथे वायरीची खरी ताकद कळते. मीटर वापरायचाच तर लाईट चालू ठेवून वापरा: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे पेटलेल्या दिव्याच्या अर्थला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर परतीच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. एकेक जोड ओलांडत ट्रॅक्टरकडे सरका. जिथे आकडा एकदम खाली येतो, तो जोड खराब.

डबल ट्रॉलीचा हिशेब वेगळा मांडायला हवा, कारण मागच्या ट्रॉलीचाच उजेड सर्वांत कमी पडतो आणि मागून येणाऱ्याला तीच दिसायची असते. दोन ट्रॉल्यांचे चार ब्रेक बल्ब म्हणजे ७ अँपिअर. ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलीच्या शेवटापर्यंत ६ मीटर आणि तिथून पुढे ६ मीटर वायर धरली, तर ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर जाताजाताच सव्वादोन ते अडीच व्होल्ट खाते. व्होल्टेज २० टक्क्यांनी उतरले की साध्या बल्बचा उजेड निम्म्याहून कमी होतो. तीच वायर १.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर तोटा पाऊण व्होल्टवर येतो. अर्थच्या वायरीतून ब्रेक, टेल, इंडिकेटर सगळ्यांचा करंट एकत्र परततो, म्हणून ती बाकीच्यांपेक्षा जाड हवी. वायर घेताना दोन पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

प्लग-सॉकेटमध्ये पिनांवर हिरवट थर चढतो. पॉलिश पेपरने घासा, आणि पिनेला मधोमध चीर असेल तर चाकूचे टोक घालून ती केसभर फाकवा, म्हणजे पकड घट्ट बसते. स्क्रूखाली जाणाऱ्या तारेच्या टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू बसतो आणि स्क्रू ढिला पडतो. त्याऐवजी तारेच्या टोकावर बारीक स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, दाबून बसवा. शेवटी थोडे व्हॅसलीन लावा. प्लग मोकळा असताना तोंड खाली करून टांगायचा. तोंड वर राहिले की धूळ आणि पाणी त्यातच साठते.

ब्रेक दाबल्यावर टेल लाईटही पेटत असतील किंवा टेल लावल्यावर ब्रेकचे बल्ब उजळत असतील, तर अर्थच्या आधी होल्डर उघडून बघा. ब्रेक-टेलचा बल्ब २१/५ वॅटचा, दोन फिलामेंटचा असतो आणि त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या वरखाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. घाईत एका फिलामेंटचा इंडिकेटरचा बल्ब तिथे घुसवला की त्याची मधली टिकली दोन्ही टोकांना एकदम टेकते आणि ब्रेक व टेल एकमेकांत मिसळतात. यावर वायरिंग उलथेपालथे करण्यात अख्खा दिवस जातो, आणि उपाय असतो बरोबर बल्बचा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका, आणि तार गुंडाळून तर मुळीच नको. शॉर्ट झालेली वायर मग स्वतःच तापते, आणि वर वाळलेले पाचट असते. ट्रॉलीचे सगळे बल्ब काढा, फ्यूजच्या जागी २१ वॅटचा टेस्ट लॅम्प जोडा आणि स्विच चालू करा. तो पूर्ण पेटला तर शॉर्ट आहे. आता एकाने वायर ठिकठिकाणी हलवत जायचे, दुसऱ्याने लॅम्पवर नजर ठेवायची. हलवताना लॅम्प विझला की जागा सापडली. बहुतेक वेळा ती सापडते बायंडिंग वायरने करकचून बांधलेल्या ठिकाणी, फाळक्याच्या (ट्रॉलीच्या उघडणाऱ्या झडपेच्या) बिजागरीपाशी, किंवा रबरी ग्रोमेट (भोकाच्या काठाला बसणारी कडी) न घालता पत्र्याच्या भोकातून वायर नेली असेल तिथे. आपल्याकडच्या उन्हात वायरीवरचे पीव्हीसीचे आवरण कडक होऊन तडकतेही, म्हणून वायर चासीच्या चॅनेलच्या आतून, पाइपमधून न्यावी. हंगाम संपून ट्रॉली महिनोन्महिने उभी राहिली तर उंदरांनी कुरतडलेलीही निघते.

ट्रॉली जोडल्यावर इंडिकेटरचा वेग बदलला तर फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा रिले, तपासा. ट्रॅक्टरचा मूळ फ्लॅशर दोन बल्बच्या हिशेबाचा असतो, ट्रॉल्यांचे बल्ब वाढले की जास्त लोडचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो. एलईडी दिवे लावले तर करंट फार कमी लागतो आणि लांब वायरीचा प्रश्न जवळजवळ मिटतो. मागच्या ट्रॉलीला मी तेच सुचवेन. मात्र एलईडीला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बरोबर लागते, आणि साध्या बल्बच्या हिशेबाचा फ्लॅशर त्यावर भराभर फडफडतो, म्हणून फ्लॅशरही एलईडीला चालणारा घ्या. खराब अर्थ मात्र एलईडीनेही सुधारत नाही.

ऊस फाळक्याबाहेर लोंबत असेल तर बसवलेले दिवे वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, झाकले जातात. अशा वेळी एका अँगलवर दोन्ही दिवे बसवून, मोकळी वायर ठेवून, भरल्यानंतर उसाच्या मागे टांगता येईल अशी पट्टी करून घ्या. मागे लाल रिफ्लेक्टर टेपही लावा, फ्यूज उडाल्यावर तेवढीच दिसते. वजनकाट्यावरून रिकामी ट्रॉली निघाली की टेल, ब्रेक आणि दोन्ही इंडिकेटर एकाला मागे उभे करून बघायचे, आणि तेही ट्रॅक्टर दोन पावले पुढे-मागे करून, म्हणजे पिनेच्या भरवशावर चालणारा अर्थ तिथेच उघडा पडतो.