उजवा हात कुठे अडकला होता

"आवं म्याडम, डाव्या हातात जोरच न्हाई पोरीच्या. मशीन लावा की जरा."

आजी तासगावकडच्या. नात सहा वर्षांची. सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला इजा झाल्यानं स्नायूंवर नीट ताबा न राहणं), दोन्ही पायांत ताठरपणा, हातांपैकी डावा जास्त आखडलेला. सांगलीला माझ्याकडे थेरपीला येताना शिबिरात मिळालेली खुर्चीही रिक्षात घालून आणलेली, ते बरं झालं. मुलीला तिच्यात बसवलं आणि हाताआधी बूड पाहिलं.

खुर्चीच्या बैठकीची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंत, 36 सें.मी. मुलीची मांडी, बुडाच्या मागून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत, 28. पाठ टेकवली की गुडघे वाकत नाहीत, गुडघे वाकवले की बूड पुढे घसरतं. त्यात मांडीच्या मागचे स्नायू आखूड. ते कमरेचं हाड मागे ओढतात, पाठीला पोक येतं आणि पोर माकडहाडावर बसते. पावलं अधांतरी. छातीचा पट्टा मात्र करकचून, त्यावर ती लोंबकळतेय. आणि उजवा हात खुर्चीची कड घट्ट धरून! चांगला हात तोल सांभाळण्यात अडकला, म्हणून सगळं काम डाव्यावर. डावा पुढे केला की धड कलंडायचं.

पाठीमागे 10 सें.मी. जाडीचा कडक फोम लावला (मऊ उशी दबते, चालत नाही). खोली उरली 26, गुडघ्यामागे दोन बोटं मोकळी. पट्टा छातीवरून काढून जांघेवरून, खाली-मागे तिरका. पायाखाली पाट, गुडघ्यांमध्ये टॉवेलची गुंडाळी. समोरचं टेबल कोपराच्या उंचीचं. वर गेलं की मुलं खांदे कानाला लावतात. पाचेक मिनिटांत उजव्या हातानं कड सोडली.

मग मूठ. आजी बोटं सरळ ओढून उघडत होत्या, त्यानं मूठ आणखी आवळते. आधी मनगट तळव्याकडे वाकवायचं, बोटं आपोआप सैल पडतात. अंगठा टोकाला नाही, बुडाशी धरून बाहेर आणायचा. मग बोटं उघडी ठेवून मनगट हळूहळू सरळ.

उजवा हात बांधून डाव्याला कामाला लावायची पद्धत आहे, पण ती एकाच बाजूला दोष असलेल्या मुलांसाठी. इथे उजवाच तोल सांभाळणारा. बांधला असता तर पोर घाबरली असती. म्हणून दोन हातांची कामं. डाव्यानं स्टीलचा डबा धरायचा, उजव्यानं बेदाणे काढायचे. डबा डाव्या अंगाला, म्हणजे तळवा आडवा वळतो. समोर मध्यभागी ठेवला तर हात पालथाच राहतो. दहापैकी सात-आठ वेळा जमलं की डबा चार बोटं लांब. तीनदाच जमलं तर जवळ. नुसतं "उचल, उचल" म्हणण्यात अर्थ नाही. जोर लावला की दोन्ही मुठी आवळतात.

डबा सहाव्या खेपेला टिकला. आजी म्हणाल्या, "आता बेदाणं आम्हास्नी न्हाई उरायचं."

घरी रोज दोनदा वीस मिनिटं, शिवाय प्रत्येक जेवणाला हीच बैठक.

तीन आठवड्यांनी आली तर पुन्हा पोक, पुन्हा उजवा हात कडेवर. फोम जागेवर होता, पाट नव्हता. थोरला भाऊ जेवायला त्याच पाटावर बसायचा. या वेळी पाट स्क्रूनं खुर्चीलाच ठोकून दिला.