एसएलआरएनची स्कोअर फाइल : दीड महिन्यानंतर

एसएलआरएन म्हणजे यूजनेटवरचे (इंटरनेटवरचे जुने चर्चागट) लेख वाचायचा प्रोग्राम, आणि कुठल्या लेखाला किती गुण द्यायचे ते नियम लिहायची जागा म्हणजे त्याची स्कोअर फाइल. सुरुवातीला माझ्या फाइलमध्ये नुसते उणे ९९९९ होते, म्हणजे लेख थेट गायब. कुणाचा राग आला की मोठा 'के' दाबायचा आणि आणखी एक नियम टाकायचा. २२ फेब्रुवारी २०२४ ला गूगल ग्रुप्सनं यूजनेटशी संबंध तोडला आणि त्या दारानं येणारा कचरा थांबला. त्यामुळे मेसेज-आयडीत (प्रत्येक पोस्टची स्वतंत्र ओळखखूण) 'गूगलग्रुप्स' शोधणारा माझा जुना नियम आता नुसता शोभेला उरलाय. काढवत मात्र नाही.

फजिती झाली ती जाहिरातींपायी. विषयात इंग्रजी 'ॲड' ही दोन अक्षरं दिसली की उणे ९९९९, असा नियम ठोकला. दुसऱ्या दिवशी कॉम्प.लँग.सी, म्हणजे सी या प्रोग्रामिंग भाषेचा गट, अर्धा ओस! ती दोन अक्षरं 'थ्रेड'मध्ये आहेत, 'रीड'मध्ये आहेत, 'हेडर'मध्येही आहेत. सीच्या गटात याखेरीज बोलतात तरी काय लोक? शिवाय इंग्रजी अक्षर लहान की मोठं, हे एसएलआरएन बघत नाही. नियम खोडला, वाचलेल्यांसकट सगळं पुन्हा मागवलं, तेव्हा कुठे गेलेली मंडळी परत आली.

तेव्हापासून उणे ९९९९ फक्त पक्क्या स्पॅमला. बाकीच्यांना उणे १०, उणे २०. जुळलेल्या नियमांचे गुण एकमेकांत मिळवले जातात, म्हणून एखादा कटकट्या माणूस माझ्या आवडीच्या विषयावर बोलला तर तरून जातो. शंका आली की 'व्ही' दाबायचा. कुठला नियम लागला ते दिसतं.

'स्कोअर'पुढचं एक टिंब-टिंब आणि दोन टिंब-टिंब, म्हणजे एकदा कोलन की दोनदा, यानंही मला बराच वेळ गंडवलं. एकदा कोलन दिला तर खालच्या सगळ्या अटी जुळायला हव्यात, दोनदा दिला तर कुठलीही एक पुरते. मी पाठवणारा आणि विषय अशा दोन अटी दोन कोलनांखाली लिहिल्या आणि त्या विषयावरचे सगळेच निर्दोष लोक गारद झाले.

या खेपेची खरी कमाई रेफरन्सेसची, म्हणजे आधीच्या पोस्टांचे आयडी देणाऱ्या ओळीची. मेसेज-आयडी एसएलआरएनलाच बनवू दिला की त्यात आपलं युजरनेम येतं. मग रेफरन्सेसमध्ये ते शोधायचं आणि अधिक ५० द्यायचे. शेवटी डॉलरचं चिन्ह (म्हणजे 'ओळ इथे संपते') लावलं तर फक्त मला थेट दिलेली उत्तरं सापडतात, कारण त्या ओळीत सगळ्यात शेवटी थेट आधीच्या पोस्टचा आयडी असतो. डॉलर काढला की खालची अख्खी चर्चा. मी दोन्ही ठेवलेत: थेट उत्तराला जास्त गुण, बाकीच्यांना अधिक १०. आता गट उघडला की जास्त गुणांच्या लेखांपुढची उद्गारचिन्हं आधी बघतो.

सॉक.कल्चर.इंडियन.मराठी या मराठी गटाला मात्र एकही नियम लावलेला नाही. तिथे कुणी चुकून काही लिहिलं तर ते दिसलेलं बरं.

सध्या एक्स्पायर्सवर, म्हणजे नियम कधी संपणार त्या तारखेवर, अडलोय. तारखेत तिरकी रेघ वापरली तर महिना आधी, आडवी रेघ वापरली तर दिवस आधी. एका वादाला पंधरवड्याची सुट्टी द्यायची होती, रेघ चुकली आणि तो वाद अजून गप्पच आहे.